करितेनाचे धनी परगावी आहेत

कोण म्हणून जायचं, हे निघण्याआधीच ठरवा. १२६३ सालच्या मोरियात, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, प्रत्येक माणूस कोणाचा ना कोणाचा असतो, आणि ‘कोणाचा?’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच नाक्यावर विचारला जाणार आहे. नाइट म्हणून जायचं तर घोडा, चिलखत आणि फ्रेंच बोलणारी जीभ हवी. कूळ म्हणून गेलात, तर ज्या शेतात उतराल त्याच शेताला जन्मभर बांधले जाल. धर्मगुरू व्हायचं मनात असेल, तर बायकामुलांत राहणारा दाढीवाला ग्रीक पापास व्हायचं की पोपला मानणारा ब्रह्मचारी लॅटिन, हे आधी बोला. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. त्यापेक्षा माझं ऐका, कारकुनाचे मदतनीस व्हा. दफ्तर उचलणाऱ्या माणसाला सगळीकडे आत घेतात आणि त्याच्यादेखत सगळं बोलतात.

तुमचे कारकून ग्रीक आहेत, पन्नाशीचे. त्यांचे वडील कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटासाठी जमीनमहसुलाच्या वह्या लिहीत. हे त्याच पद्धतीच्या वह्या फ्रँक, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या विजेत्यांच्या, प्रिन्ससाठी लिहितात. रकानेही जुनेच: घरधन्याचं नाव, बायको, मुलं, बैल किती, द्राक्षमळा किती, देणं किती. देश जिंकल्यावर त्याची वाटणी झाली, ती अशाच वह्या समोर ठेवून. तुमच्या खांद्यावर जे ओझं आहे ते वजनाला फार नाही, पण ते हरवलं तर एका मुलुखात कोण कोणाचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. जपा.

आंद्राविदाहून निघा. ही फ्रँकांची राजधानी, आणि तिला तट नाही. सपाट, ओलसर, गवताळ मुलूख; घोड्यावर जगणाऱ्या माणसांनी असंच ठिकाण निवडावं. मागे वळून पाहिलंत तर समुद्राच्या बाजूला टेकडीवर ख्लेमुत्सीचा प्रचंड किल्ला दिसेल. तो चाळीसेक वर्षांपूर्वी बांधला, आणि पैसा आणला तो चर्चच्या जप्त केलेल्या उत्पन्नातून. त्यापायी प्रिन्सला बहिष्कार सोसावा लागला. धर्मयुद्धाच्या नावाने आलेल्या मंडळींनी धर्माच्याच पैशांतून किल्ला उभारावा, यात त्यांना स्वतःला काही विचित्र वाटल्याचं दिसत नाही.

हे लोक आले कसे, ते वाटेत कारकुनांना विचारा. ते खाली पाहत चालतील आणि थोडक्यात सांगतील. १२०४ मध्ये चौथ्या धर्मयुद्धाची फौज जेरुसलेमकडे जायचं सोडून कॉन्स्टँटिनोपलवर तुटून पडली. पूर्वेकडचं सगळ्यात मोठं ख्रिस्ती शहर ख्रिस्ती लोकांनीच लुटलं. त्याच सुमाराला शाँपेन प्रांतातल्या जोफ्रॉ द विलार्दुएँ या तरुण नाइटचं सीरियाहून येणारं गलबत वादळाने मेथोनीच्या किनाऱ्याला लागलं. इथल्या एका ग्रीक जमीनदाराला शेजाऱ्याविरुद्ध मदत हवी होती. जोफ्रॉने ती दिली, मुलूख पाहिला आणि जिभल्या चाटल्या. पुढच्या वर्षी तो आणि गियोम द शाँप्लित शंभर नाइट आणि चारएकशे साधे स्वार घेऊन आले. एवढ्या माणसांत द्वीपकल्पाचा बराचसा भाग त्यांच्या हाती पडला, कारण वाचवायला सम्राटच उरला नव्हता, आणि आर्खोन म्हणवणाऱ्या ग्रीक जमीनदार घराण्यांना जी हमी हवी होती ती मिळाली. आमची वतनं, आमचा धर्म आणि आमचे रिवाज यांना हात लावायचा नाही, बाकी राज्य करा. देशाच्या बारा मोठ्या सरदारक्या पाडल्या गेल्या. त्यांतल्या दोन या डोंगरात आहेत: करितेना आणि आकोवा.

नदी उजवीकडे ठेवून आल्फिओसच्या काठाने वर चला. एका ठिकाणी दोन नद्या मिळतात आणि झाडीतून एक बुटकी टेकडी दिसते. तिथे थांबावंसं वाटेल, पण पाहायला काही नाही. ऑलिंपियाची देवळं आणि मैदानं या घडीला नदीच्या गाळाखाली गाडलेली आहेत. जर्मन मंडळी १८७५ मध्ये येऊन ती उकरतील. कारकुनांना विचारू नका, त्यांना माहीत नाही.

थोडं पुढे, वरच्या अंगाला, इसोवाचा मठ आहे. उंच भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, उतरतं छप्पर. ग्रीक डोंगरात उचलून ठेवलेला फ्रान्सचा तुकडाच तो. लॅटिन संन्यासी पाणी देतील. नीट पाहून घ्या. परतीच्या वाटेवर छप्पर नसेल.

इथून पुढे दरी आवळत जाते. खाली आल्फिओसचा आवाज, दोन्ही अंगांना ओक आणि काटेरी बुटक्या ओकांची झुडपं. उन्हाळ्याच्या तोंडाशी बायका या झुडपांवरून किडे खुडताना दिसतील. वाळवले की त्यांचा किरमिजी रंग होतो, आणि तो रंग इटलीचे व्यापारी चांगल्या भावाने नेतात. या मुलखाला स्कोर्ता म्हणतात. खाली मैदानात फ्रँक घोडदळापुढे कोणी टिकत नाही, इथे मात्र घोड्यावरून उतरून लगाम हातात धरून चालावं लागतं. कारकून एका खिंडीत थांबून म्हणतील, “पोरा, ही वाट लक्षात ठेव. यांच्या नाइटांना ती आमच्या माणसांवाचून सापडत नाही.” बोलताना त्यांनी ‘यांच्या’ आणि ‘आमच्या’ कसं वाटून घेतलं ते ऐका. प्रिन्सची वही लिहिणारा माणूस आहे हा.

करितेनाचा किल्ला लांबूनच दिसतो. खाली गाव, त्यावर सरळ उभा खडक आणि खडकाच्या माथ्यावर तट. किल्ल्यावरून एका बाजूला आल्फिओसची खिंड आणि दुसऱ्या बाजूला मेगालोपोलिसचं पठार अशी दोन्ही तोंडं नजरेखाली राहतात. शत्रूच्या ताब्यातल्या मिस्त्रासहून येणाऱ्या फौजेला हा खडक चुकवून समुद्राकडच्या मैदानात सहजासहजी उतरता येत नाही. चढ दमवणारा आहे. वर दरवाजाशी कारभारी विचारेल, कोणाची माणसं? प्रिन्सची. काम? जहागिरींची मोजणी.

“धनी परगावी आहेत,” कारभारी सांगेल. “इटलीला. तीर्थयात्रेला.”

पहारेकऱ्यांपैकी एक जण तटाबाहेर पाहू लागेल आणि दुसरा भाल्याचं टोक पुसू लागेल. तुम्हीही काही विचारू नका. किल्ल्यावर झरा नाही. पावसाचं पाणी खडकात खोदलेल्या टाक्यांत साठवतात. ते प्या, पाव आणि चीज खा, आणि रात्र पडायची वाट पाहा. मग कारकून गोष्ट सांगतील, आणि ती ऐकण्यासाठीच मी तुम्हाला इतकं वर चढवलं आहे.

करितेनाचे धनी जोफ्रॉ द ब्रिएल. आई विलार्दुएँ घराण्यातली, म्हणजे सध्याचे प्रिन्स गियोम हे त्यांचे सख्खे मामा. मोरियातला सगळ्यात उत्तम नाइट, असं त्यांच्याविषयी बोलतात, आणि पुढच्या शतकात लिहिली गेलेली मोरियाची बखरही त्यांचं नाव घेताना हात आखडत नाही. बायको इसाबेला ही अथेन्सच्या गी द ला रॉशची मुलगी. पाच वर्षांपूर्वी मामा आणि सासरा यांच्यात लढाई जुंपली. जोफ्रॉंनी मामाची शपथ घेतलेली, जहागीर मामाची, आणि ते गेले सासऱ्याच्या बाजूला. १२५८ मध्ये कारिदी डोंगरापाशी सासऱ्याचा पराभव झाला. निक्लीच्या दरबारात भाच्याला गळ्यात दोर घालून मामापुढे उभं केलं. कायद्याने जहागीर गेली होती. सरदारांनी रदबदली केली, मामाने माफ केलं आणि करितेना परत दिलं, पण एक अट घालून: आता ही वडिलार्जित जहागीर नाही, प्रिन्सची भेट आहे, आणि ती फक्त तुझ्या पोटच्या मुलांना मिळेल. ही अट लक्षात राहू द्या.

पुढच्याच वर्षी मामा-भाचे दोघेही पेलागोनियाच्या लढाईत बायझंटाइनांच्या हाती लागले. प्रिन्स गियोम गवताच्या गंजीखाली लपला होता. पुढे आलेल्या दातांवरून शिपायांनी त्याला ओळखलं. १२६१ मध्ये सम्राट मिखाइल पालिओलोगोसने कॉन्स्टँटिनोपल परत घेतलं आणि मग सुटकेची किंमत सांगितली: मोनेमव्हासिया, मिस्त्रास आणि ग्रँड मेन हे किल्ले. निर्णयाला निक्लीत दरबार भरला, तेव्हा बहुतेक खुर्च्यांवर बायका होत्या, कारण नवरे कैदेत होते. अथेन्सचा गी विरोध करत होता. हे किल्ले दिले की शत्रू घरात आला, असं त्याचं म्हणणं. ते खरं होतं, पण नवरे परत हवे असलेल्या बायकांपुढे ते चालणार नव्हतं. किल्ले गेले. शिवाय सम्राटाकडे दोन ओलिसं ठेवायची ठरली, आणि त्यांतली एक होती मार्गरित, पासावाँच्या मार्शलची मुलगी. तिचंही नाव लक्षात ठेवा. या सगळ्या सरदारांपेक्षा माझं लक्ष तिच्याकडे अधिक आहे.

आणि आता धनी तीर्थयात्रेला का गेले? कारकून आवाज आणखी खाली आणतील. जाँ द कातावा नावाचा त्यांचा एक वयस्क मांडलिक आहे, संधिवाताने बेजार. त्याची बायको या देशातली सगळ्यात देखणी बाई म्हणून नावाजलेली. तिला घेऊन धनी इटलीला गेले आहेत. रोमला दर्शन घेणार आहेत, बारीला संत निकोलसचं दर्शन घेणार आहेत. कारकून हसणार नाहीत. सरहद्दीवरचा सगळ्यात नाजूक किल्ला, शेजारी मिस्त्रासमध्ये नुकती येऊन बसलेली बायझंटाइन फौज, आणि धनी बारीला.

सकाळी कामाला बसा. वही उघडा. करितेनाची सरदारकी २२ जहागिरींची. कागदावर हिशोब सोपा आहे: दर जहागिरीमागे एक नाइट किंवा दोन स्वार. वर्षाचे चार महिने किल्ल्याच्या बंदोबस्तावर, चार महिने प्रिन्स सांगेल तिथे मोहिमेवर, उरलेले चार महिने स्वतःच्या घरी, तेही बोलावणं आलं तर निघायच्या तयारीने. दर पानावर एक नाव आणि त्याच्याखाली गावं. वाचताना तुमच्या ध्यानात येईल की वरची नावं फ्रेंच आहेत, खालची सगळी ग्रीक, आणि काही गावांची स्लाव्ह.

खालच्या नावांचं काय होतं, तेही पाहा. दुपारी गावातून एक बाई वर येईल, तिच्यासोबत पापास. तिचा नवरा शेजारच्या जहागीरदाराच्या स्वाराकडून चुकून मारला गेला. शिकारीत, अंधारात, काहीतरी असंच. निकाल झालेला आहे. कारकून वहीतल्या नावावर आडवी रेघ मारतील आणि शेजारच्या जहागिरीतल्या एका कुळाचं नाव तिथे लिहितील. नुकसान कोणाचं झालं? जहागीरदाराचं, त्याचं एक कूळ कमी झालं. भरपाई कोणाला? जहागीरदाराला, कुळाच्या बदल्यात कूळ. बाई अजून उभी आहे. तिच्यासाठी वहीत रकाना नाही.

हे रिवाज या घडीला माणसांच्या डोक्यात आहेत. सत्तर-ऐंशी वर्षांनी कोणीतरी ते एकत्र करून लिहील आणि २१९ कलमांचा तो ग्रंथ ‘रोमानियाचे असाइझ’ म्हणून ओळखला जाईल. इथे रोमानिया म्हणजे बायझंटाइन साम्राज्याचा जिंकलेला भाग. मालकाच्या परवानगीशिवाय कुळाने मुलीचं लग्न लावायचं नाही. मालक कुळाचं किडूकमिडूक घेऊ शकतो, फक्त पोटापुरतं मागे ठेवायचं. दरबारात नाइटविरुद्ध फौजदारी खटल्यात कुळाची साक्ष चालत नाही. मात्र जहागिरीची हद्द किती, हे ठरवताना चालते. शेताचा बांध कुठे होता ते त्यालाच ठाऊक असतं, त्यामुळे तेवढ्यापुरता तो खरं बोलणारा माणूस ठरतो.

आता तुम्हाला घाई करावी लागणार आहे. मिस्त्रासहून सम्राटाचा सावत्र भाऊ कॉन्स्टंटाइन फौज घेऊन निघाला आहे. त्याच्याबरोबर भाडोत्री तुर्क घोडेस्वार आहेत, ताइगेटोस डोंगरातले स्लाव्ह आहेत, आणि स्कोर्ताची सीमा ओलांडल्यावर त्याला वाटाडे मिळाले आहेत. धनी नाहीत, हे डोंगरातल्या प्रत्येक मेंढपाळाला माहीत होतं. जी खिंड लक्षात ठेव असं कारकून तुम्हाला म्हणाले, तसल्याच वाटांनी ती फौज खाली उतरते. स्कोर्ताचे ग्रीक उठले आहेत. तुम्ही वही पोटाशी धरून फौजेच्या पुढे पळता. इसोवाच्या मठातून धूर निघतो आहे.

प्रिनित्साला, ऑलिंपियाच्या त्या गाडलेल्या देवळांपासून फार लांब नाही अशा जागी, कॉन्स्टंटाइनचा तळ पडतो. आंद्राविदा समोर आहे आणि तिला तट नाही. प्रिन्स दूर. मैदानात जी माणसं उरली आहेत ती तीनशेच्या थोडी वर, आणि त्यांचा पुढारी कोण? जाँ द कातावा. तोच, ज्याची बायको धन्यांबरोबर इटलीला आहे. संधिवाताने त्याची बोटं भाल्यावर वळत नाहीत, म्हणून निशाण त्याच्या हाताला बांधून दिलं आहे. तो थेट शत्रूच्या मुख्य तंबूच्या दिशेने घोडा घालतो. बायझंटाइन फौजेला या मूठभरांकडून हल्ल्याची अपेक्षाच नव्हती. तिची दाणादाण उडते आणि कॉन्स्टंटाइन आडवाटांनी मिस्त्रासला पळतो. संत जॉर्ज पांढऱ्या घोड्यावरून लढताना दिसले, असं शिपाई सांगतील. मठ जाळला म्हणून इसोवाची मेरी कोपली, असंही काही सांगतील. बखरकाराने दोन्ही मतं लिहून ठेवली आहेत. मला विचाराल तर कातावाला संताची गरज नव्हती. त्या माणसाकडे त्या दिवशी गमावण्यासारखं फार काही उरलेलं नव्हतं.

स्कोर्ताची कथा तेवढ्यावर संपली नाही. पुढच्या वर्षी पगार थकला म्हणून तुर्क स्वार बायझंटाइनांना सोडून प्रिन्सला मिळाले. स्कोर्तात पुन्हा बंड झालं तेव्हा प्रिन्सने हेच तुर्क त्या डोंगरात सोडले. गावं जळाली, माणसं कड्याकपारींत लपली आणि अखेर शरण आली. त्या सालच्या वह्या तुम्ही पाहू नका. आडव्या रेघाच फार आहेत.

आणि जोफ्रॉ? सिसिलीचा राजा मॅनफ्रेड याला खरा प्रकार कळला आणि त्याने सांगितलं, मुकाट घरी जा. ते परत आले. धन्याला संकटात सोडून गेल्याचा दुसरा गुन्हा, पहिल्याहून वाईट. सरदारांनी पुन्हा रदबदली केली. मामाने पुन्हा माफ केलं. करितेना पुन्हा मिळालं.

इथून तुम्हाला तेरा वर्षं पुढे नेतो, ग्लारेंत्साच्या बंदरात. १२७६. कारकून थकले आहेत, चष्मा अजून शोधला गेलेला नाही, वही आता तुम्हीच वाचून दाखवता. जोफ्रॉ आदल्या वर्षी मोहिमेवर असताना हगवणीने वारले. मूल नाही. ती जुनी अट आता बोलू लागली: पोटचा वारस नसल्याने अर्धी जहागीर विधवा इसाबेलाला, अर्धी प्रिन्सला. शाँपेनहून त्यांचा एक पुतण्या हक्क सांगायला येईल, तेव्हा दरबार त्याला हीच अट वाचून दाखवेल. मग तो पोटदुखीचं सोंग करून, टाक्याचं पाणी औषधी आहे म्हणून अराक्लोवोच्या किल्ल्यात शिरेल, किल्लेदाराला गुत्त्यात नेऊन दारू पाजेल आणि किल्लाच बळकावेल. शेवटी एक छोटी जहागीर आणि एक वारसदार बायको पदरात पाडून घेऊन तो किल्ला परत देईल. त्याच्याकडे बुद्धी होती, नातं नव्हतं. मामा असता तर त्याला एवढं करावं लागलं नसतं.

पण तुम्ही ग्लारेंत्साला आलात ते दुसऱ्या खटल्यासाठी. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये दरबार भरला आहे. फिर्यादी मार्गरित द पासावाँ. ओलीस म्हणून ती कॉन्स्टँटिनोपलला राहिली; प्रिन्स सुटला तो तिच्यासारख्यांना मागे ठेवून. ती तिथे असतानाच तिचे मामा, आकोवाचे धनी, निपुत्रिक वारले. २४ जहागिरींची आकोवा तिच्याकडे यायला हवी. रिवाज असा की वारसाने एक वर्ष आणि एक दिवस यांच्या आत हजर होऊन हक्क सांगायचा. ती वेळेत आली नाही. येऊ शकत नव्हती, कारण ती कैदेत होती. प्रिन्सने आकोवा खालसा केली.

एकट्या बाईचं कोणी ऐकत नाही, हे ओळखून तिने जाँ द सेंत-ओमेरशी लग्न केलं. त्याचा भाऊ निकोला, थीब्जच्या अर्ध्या भागाचा धनी, आज तिच्या बाजूने बोलायला उभा आहे. समोर प्रिन्स गियोम. तो काय करतो पाहा: न्यायासनाची काठी हातातून काढतो, चॅन्सेलर लिओनार्दो दा वेरोलीच्या हातात देतो आणि म्हणतो, आता मी पक्षकार, न्यायाधीश तुम्ही. मग तो स्वतः युक्तिवाद करतो, आणि चांगला करतो. धनी कैदेत पडला तर त्याच्यासाठी ओलीस राहणं हे मांडलिकाचं कर्तव्यच आहे. कर्तव्य केलं म्हणून मुदत वाढत नाही. चॅन्सेलर सरदारांना विचारतो. सरदार मान डोलावतात. निकाल प्रिन्सच्या बाजूने लागतो. प्रिन्स दरबाराचे आभार मानतो.

रिवाज पाळला गेला, यात शंका नाही. तुम्ही मात्र करितेनाच्या वहीची दोन पानं आठवा. दोनदा शपथ मोडणाऱ्याला दोनदा जहागीर परत मिळाली होती, आणि तेव्हाही रिवाज स्पष्टच होता.

प्रिन्सलाही ते बोचलं असावं. खटला संपल्यावर त्याने महालाचा खजिनदार कोलिने याला बोलावलं, आकोवातल्या जाणत्या म्हाताऱ्यांना वह्यांसह आणायला सांगितलं आणि वाटणी मांडली. तुमच्या कारकुनांसाठी आयुष्यातला हा मोठा दिवस. २४ जहागिरींतून आठ वेगळ्या करायच्या, चांगली जमीन एकीकडेच जाऊ द्यायची नाही. मग मार्गरितला बोलावलं. हक्क म्हणून नाही, कृपा म्हणून, असं सांगत प्रिन्सने आपला हातमोजा तिच्या हाती दिला आणि आठ जहागिरी तिच्या झाल्या. उरलेल्या सोळा त्याने स्वतःच्या धाकट्या मुलीसाठी ठेवल्या. तिचंही नाव मार्गरितच. ओलीस राहिलेलीच्या वाट्याला एक तृतीयांश आणि घरात बसलेलीच्या वाट्याला दोन तृतीयांश, असा हा उदारपणा. बखरकार या प्रसंगी प्रिन्सचं कौतुक करतो. करू द्या.

कारकुनांचा निरोप इथेच घ्या. दोन वर्षांनी प्रिन्स गियोम मरेल आणि आधीच केलेल्या करारानुसार राज्य नेपल्सच्या आंजू राजांकडे जाईल. मग येतील ते नेमलेले कारभारी आणि सोयरिकीतून आलेले प्रिन्स. त्यांतला फिलिप ऑफ सॅव्हॉय १३०२ मध्ये स्कोर्ताच्या आर्खोनांवर नवा कर बसवतो. शंभर वर्षांपूर्वीची हमी त्याला कोणी वाचून दाखवली नसावी, किंवा दाखवली असेल आणि पैशांची गरज मोठी असेल. स्कोर्ता पुन्हा उठतं आणि दोन किल्ले जाळले जातात. बंड मोडलं जातं, पण हमी मोडल्याचं डोंगर विसरत नाही. १३२० मध्ये मिस्त्रासचा सुभेदार आंद्रोनिकोस आसेन पुढे सरकतो आणि करितेना, आकोवा आणि शेजारचा सेंट जॉर्जचा किल्ला एकाच वर्षात बायझंटाइनांकडे जातात. या डोंगरातलं फ्रँक राज्य ११५ वर्षांत संपलं.

त्यांचा कायदा मात्र संपला नाही. युबियापासून पश्चिमेच्या बेटांपर्यंत जिथे जिथे व्हेनिसच्या ताब्यात फ्रँक रिवाजाच्या जमिनी होत्या, तिथे तो चालूच होता, आणि १४५२ मध्ये, म्हणजे अखायाचं, मोरियातल्या या फ्रँक प्रिन्सांचं, राज्य नाहीसं झाल्यावर वीस वर्षांनी, व्हेनिसच्या सरकारने असाइझची एक प्रत तपासून अधिकृत म्हणून मंजूर केली. आज आपल्याला तो ग्रंथ व्हेनिसच्या इटालियन बोलीतल्या प्रतींमधूनच वाचायला मिळतो. ओलिसाचं कलम त्यात आहे, विधवेच्या अर्ध्या वाट्याचं आहे, कुळाच्या बदल्यात कूळ देण्याचंही आहे. मामाने भाच्याला किती वेळा माफ करावं, याचं कलम त्यात नाही.